गाडी पास झाली की निघतो

८ मार्च, शनिवार
गाडी घेतली. लाल, दोन सीटची, छत उघडणारी, मॅन्युअल गिअर. २०११ चं मॉडेल. आधी त्र्यंबककाकांची होती. काका चौऱ्याहत्तर वर्षांचे, रिटायर्ड सिव्हिल इंजिनिअर, इथे वेस्टबरोमध्येच दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांनी ती अकरा वर्षं वापरली आणि दर वर्षीच्या इन्स्पेक्शनचा कागद फायलीत लावून ठेवला. अकरा कागद. अकराही पास. गाडीबरोबर फाइलही दिली. खरं सांगायचं तर मी आधी फाइल पाहिली, मग गाडी.

नीलांबरी आणि आमची लेक केया जानेवारीत बॉथेलला गेल्या. सिॲटलच्या शेजारी. नीलांबरीला तिथे बायोटेक कंपनीत डायरेक्टरची पोस्ट मिळाली. केया तेरा वर्षांची, तिची शाळाही आता तिकडेच. माझा जॉब रिमोट, मॅनेजरने जानेवारीतच लेखी परवानगी दिलीय. मी मागे राहिलो तो घर आवरायला. घर फेब्रुवारीत आवरून झालं. आता विमानाने जाण्यापेक्षा ही गाडी चालवत न्यायची असं ठरवलंय. आय-नाइन्टी हायवे आमच्या घरापासून चार मैलांवर. बॉस्टनला सुरू होतो आणि सिॲटलला संपतो. एकच रस्ता, कुठे वळायचंसुद्धा नाही.

प्लॅन: नव्याने घेतलेली गाडी सात दिवसांत इन्स्पेक्शनला न्यावी लागते. पुढच्या शनिवारी नेतो. १ एप्रिलला निघतो.

स्वतःला विचारलं, ही गाडी गरज आहे की हौस? प्रामाणिक उत्तर: गरज. हौस असती तर आनंद झाला असता.

९ मार्च, रविवार
नीलांबरीला गाडीचे फोटो पाठवले. फोन आला. म्हणाली, सीटा दोन आणि माणसं तीन, हा काय हिशेब? मी म्हटलं, तुझी मोठी गाडी आहेच ना. म्हणाली, मग ही कशाला? मी म्हटलं, ही यायला. मग तिने विचारलं, जेवलास का. जेवलो होतो. फ्रोझन पराठे, दोन.

केयाला आवडली. म्हणाली, बाबा, सो कूल. शाळेत सोडायला हीच आणशील ना? हो म्हटलं. हा शब्द दिला, म्हणून तारखेसकट लिहून ठेवतोय.

१४ मार्च, शुक्रवार
उद्या इन्स्पेक्शन. अकरापैकी अकरा पास, त्यावरून यंदा पास होण्याची शक्यता काढली. ९२ टक्के. ८ टक्के नम्रता म्हणून सोडले.

१५ मार्च, शनिवार, दुपारी १२:१०
फेल.

हँडब्रेक धरत नाही आणि उजवा हेडलाइट अंधुक. इन्स्पेक्शन करणारा गिल्सन, ब्राझीलचा, पन्नाशीचा, फ्रेमिंगहॅमला स्वतःचं छोटं गॅरेज आहे. मी त्याला काकांची फाइल दाखवली. त्याने अकरा कागद नीट पाहिले, मान डोलावली आणि काचेवर फेलचं स्टिकर चिकटवलं. लाल रंगावर काळा R. म्हणाला, माय फ्रेंड, मागच्या वर्षी पास म्हणजे मागच्या वर्षी पास. साठ दिवस आहेत, दुरुस्त करून आण, पुन्हा तपासायचे पैसे नाहीत.

फारसं वाईट वाटलं नाही. फारसं काहीच वाटलं नाही. नोंद म्हणून लिहितोय.

२२ मार्च, शनिवार
हँडब्रेक आणि हेडलाइट दुरुस्तीला दिले. पार्ट यायला दोन आठवडे, तोवर गाडी घरीच. म्हणजे १ एप्रिल जमत नाही. नीलांबरीला कळवलं. ती म्हणाली, अरे इकडे वॉशिंग्टनमध्ये हे इन्स्पेक्शन वगैरे प्रकारच नाहीये, हँडब्रेक बसला की तशीच घेऊन ये ना. मी म्हटलं, निघताना तर मी मॅसॅच्युसेट्समध्येच असणार. काचेवर R लावून तेरा राज्यं ओलांडणं बरोबर नाही. ती म्हणाली, तुला कोण अडवणारेय? मुद्दा तो नाही, असं मी म्हटलं. मुद्दा कोणता, असं तिने विचारलं नाही. बरं झालं. पटकन सांगता आला नसता.

ठराव: गाडी पास होईपर्यंत चालवायची नाही. नियम म्हणूनही आणि जपणूक म्हणूनही. तीन हजार मैल जायचंय, ते मैल आत्ता इथे उगाच कशाला खर्च करा.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा
चांगला दिवस, म्हणून गाडीची पूजा केली. यशोधन आला होता. आमच्याच कंपनीत, नागपूरचा, एकटा राहतो, सणाला येतोच. नारळ त्यानेच आणला. हळद-कुंकू, फुलं, चारही टायरखाली लिंबं. गाडी चार फूट पुढे घेतली, लिंबं फुटली. यशोधन म्हणाला, काय बे प्रल्हाद, झाला का प्रवास? चार फूट गेलास, बाकीचे उद्या जा. मी हसलो. हसण्यासारखं होतं.

डॅशबोर्डवर गणपती बसवला. श्रूजबरीच्या दुकानातून आणलेला, दोन इंची, छान आहे चेहऱ्याने. डावीकडच्या कोपऱ्यात, अगदी काचेच्या तळाशी, म्हणजे समोर अडथळा नको. तिथे एक छोटी धातूची पट्टी होती, तिच्यावर बरोब्बर बसला. जणू जागा त्याच्यासाठीच ठेवली होती. टेप वापरली ती बाहेरच्या कामाची, पाकिटावर ‘कायमस्वरूपी’ असं लिहिलेली. देवाच्या बाबतीत अर्धवट काम करू नये.

१२ एप्रिल, शनिवार, सकाळी ११:००
फेलसुद्धा नाही. टेस्ट सुरूच झाली नाही.

हँडब्रेक उत्तम, हेडलाइट उत्तम. पण गिल्सन हातात स्कॅनर घेऊन काचेसमोर उभा राहिला तो राहिलाच. मग मला बोलावलं. म्हणाला, माय फ्रेंड, तुझा देव नंबरावर बसलाय. ती धातूची पट्टी म्हणजे गाडीचा चेसिस नंबर. तो बाहेरून वाचता आला पाहिजे. म्हणाला, दोन इंच उजवीकडे सरकव, पाच मिनिटांत पास करतो.

मी म्हटलं, सरकवता येणार नाही. पूजा करून बसवलाय. तो म्हणाला, माझ्या आईची मेरीची मूर्ती पण पूजा करूनच बसवलीय, दर शनिवारी झाडताना सरकवतो. मी म्हटलं, आमच्यात उठवायचं म्हणजे विसर्जन. तो म्हणाला, मग कर विसर्जन. मी म्हटलं, त्याला दिवस असतो. त्याने विचारलं, कुठला? मी फोनवर पाहून सांगितलं, सहा सप्टेंबर, अनंत चतुर्दशी.

गिल्सनने स्कॅनर खाली ठेवला. मग म्हणाला, तू रिलिजस आहेस? मी म्हटलं, नाही. पण एखादी गोष्ट करायची तर नीट करावी.

१३ एप्रिल, रविवार
रात्रभर विचार केला. मी टाळतोय का? प्रामाणिकपणे तपासलं. एका कागदावर दोन रकाने काढले. टाळत असल्याची लक्षणं, टाळत नसल्याची लक्षणं. पहिल्यात सहा आली, दुसऱ्यात एक: मला जायचंच आहे. ही एक बाकी सहांपेक्षा महत्त्वाची. निष्कर्ष: टाळत नाही.

यशोधनला सांगितलं. म्हणाला, अबे सरकव ना यार त्याला, गणपती काय रागावते का? उलट म्हणेल, बरं झालं, तिथे ऊन लागत होतं. मी म्हटलं, तुझ्याशी या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. म्हणाला, तुझ्याशी कुठल्या विषयावर आहे?

१६ एप्रिल, बुधवार
नीलांबरीला सप्टेंबर सांगितला. कारणही सविस्तर सांगितलं. ती मीटिंगला जात होती. म्हणाली, ओके. मग म्हणाली, प्रल्हाद, तू स्वतः ऐकतोयस ना काय बोलतोयस ते? मी म्हटलं, हो, शब्द मोजूनच बोलतोय. म्हणाली, तेच.

१५ मे, गुरुवार
साठ दिवस संपले. आता पुढचं इन्स्पेक्शन नव्याने, पैसे भरून. गाडी गॅरेजमध्ये, वर कव्हर. कव्हरवर धूळ बसते, म्हणून त्यावर जुनी चादर.

ठराव: रोज संध्याकाळी सहाला दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. गॅरेजचं दार उघडं ठेवून. बसायचं, चालू करायचं, दहा मिनिटांनी बंद करायचं. समोर भिंत असते. भिंतीवर केयाची जुनी सायकल टांगलेली आहे. ती पाहत दहा मिनिटं बरी जातात.

८ जून, रविवार
केयाचा फोन. तिची शाळा याच महिन्यात संपतेय. आयडिया तिची: ती २८ जूनला एकटी विमानाने इकडे येणार आणि मग आम्ही दोघं गाडीने तिकडे जाणार. सीटा दोन, माणसं दोन, बाबा, परफेक्ट. वाटेत कुठे थांबायचं याची यादी तिने केलीय. साउथ डकोटामध्ये एक मक्याच्या कणसांनी सजवलेली इमारत आहे म्हणे. तिथे फोटो काढायचा.

गाडी सप्टेंबरच्या आत रस्त्यावर येणार नाही, हे तिला सांगावं लागलं. तिने विचारलं, का? गणपतीचं सांगितलं. म्हणाली, इट्स फाइन. पुढे आणखी दोनदा म्हणाली. तीनदा म्हणाली म्हणजे खरंच फाइन असावं.

१० जून, मंगळवार
केयाने रोबोटिक्स कॅम्पला नाव घातलं. नीलांबरीने फक्त पावतीचा स्क्रीनशॉट पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं.

यादी केयाने मलाही पाठवली होती. प्रिंट काढून गाडीच्या कप्प्यात ठेवली. सप्टेंबरमध्ये उपयोगी पडेल. तेव्हा केयाची शाळा सुरू असेल, पण यादी मला एकट्यालाही वापरता येईल.

१९ जुलै, शनिवार
बॅटरी मेली. रोज दहा मिनिटं चालवूनही. त्र्यंबककाकांना फोन केला. ते काठी टेकत चालत आले. गुडघे दुखतात, या गाडीत खाली वाकून बसता येत नाही, म्हणून तर विकली असं ते तेव्हा म्हणाले होते.

काकांनी चादर उचलली, मग कव्हर उचललं आणि ओडोमीटर पाहिला. म्हणाले, अरे प्रल्हाद, तू चार महिन्यांत किती चालवलीस ही? मी म्हटलं, गिल्सनकडे जाऊन आलो तेवढीच. म्हणाले, मग मरणार नाही तर काय. दहा मिनिटं बसून घुरघुर केली म्हणजे बॅटरी भरते होय? गाडी चालवायची असते रे बाबा.

मी विचारलं, मग तुमच्याकडे अकरा वर्षं सलग पास कशी झाली? तुम्ही आधी काय तयारी करायचात? काका म्हणाले, कसली तयारी? दर रविवारी सकाळी मी आणि शरयू हिच्यातून ब्रेड आणायला जायचो. वूस्टरपर्यंत. ब्रेड इथेही मिळतो. इन्स्पेक्शनच्या दिवशी पण तसेच जायचो, मग तिथून गिल्सनकडे. शरयूकाकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. काका म्हणाले, मग मी एकटाच जायला लागलो. गुडघ्यांचं निमित्त आहे रे. शेजारची सीट रिकामी दिसते ना, ते काही जमेना मला.

हे ऐकून एक गोष्ट लक्षात आली: शेजारच्या सीटमध्ये वजनाचा सेन्सर असतो, एअरबॅगसाठी. तो तपासून घ्यायला हवा. काकांना तसं म्हटलं. ते म्हणाले, घे तपासून.

२६ जुलै, शनिवार
नवी बॅटरी बसवली. सेन्सर व्यवस्थित. शेजारच्या सीटवर तांदळाची वीस पौंडाची पिशवी ठेवून पाहिली. दिवा लागतो.

३ ऑगस्ट, रविवार
नीलांबरीच्या अपार्टमेंटचं लीज ३१ ऑगस्टला संपतंय. त्याच बिल्डिंगमध्ये तीन बेडरूमचं एक रिकामं होतंय आणि दोनचंही. तिसरी खोली माझ्या ऑफिसला. ती म्हणाली, पंधरा तारखेपर्यंत मला त्यांना सांगायचंय. दोन की तीन, एवढंच सांग. एका शब्दात. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर काय म्हणायचं ते मी ठरवून ठेवलं होतं.

मी म्हटलं, विचार करून सांगतो. म्हणाली, यात विचार करायचंय काय? मी म्हटलं, प्रश्न साधा आहे म्हणूनच उत्तर जबाबदारीने द्यायला हवं.

१० ऑगस्ट, रविवार
उत्तराचा मसुदा तयार. तीन पानं. गाडी सप्टेंबरमध्ये पास होण्याची शक्यता (८७ टक्के), न झाल्यास पर्याय, खोलीचा वापर, माझ्या मीटिंगांच्या वेळा आणि वॉशिंग्टनमधली तीन तासांची तफावत. शेवटी शिफारस: तीन. ‘तीन’ असं लिहिताना जरा बरं वाटलं. एकदा नीट वाचून पाठवतो.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
दुसऱ्या पानावर एक टक्का इकडचा तिकडे झाला होता. दुरुस्त केला. त्यामुळे पहिल्या पानाचा निष्कर्ष बदलला. तोही दुरुस्त केला. चुकीची आकडेवारी पाठवणं ही एक प्रकारची फसवणूकच.

१७ ऑगस्ट, रविवार
पाठवलं.

उत्तर लगेच आलं. अंगठा. त्याखाली: दोनचं घेतलं, शुक्रवारी सही केली. केया तुझी तीन पानं वाचतेय, म्हणते बाबांचं ग्रामर छान आहे.

दोन बेडरूम. एक केयाची, एक आमची. तशी गैरसोय काहीच नाही. ऑफिस मी कुठेही थाटतो. इथे सध्या चार खोल्या आहेत आणि मी डायनिंग टेबलवरच बसतो.

२७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी
मंडळाच्या गणपतीला गेलो नाही. आपला स्वतःचा बसलेला असताना त्याला सोडून दुसऱ्याकडे जाणं बरोबर वाटेना. गॅरेजमध्येच आरती केली. मूर्ती काचेच्या कोपऱ्यात, त्यामुळे ड्रायव्हरच्या सीटवर बसूनच करावी लागली. निरांजन पेटवायचं धाडस केलं नाही, जवळच पेट्रोलची टाकी. बॅटरीवरची मेणबत्ती होती. यशोधन शेजारच्या सीटवर बसून टाळ्या वाजवत होता. गुडघे छातीला टेकलेले. समोर भिंत आणि केयाची सायकल.

संपल्यावर तो उतरला नाही. म्हणाला, प्रल्हाद, एक विचारू का, वहिनींशी काही झालं काय? मी म्हटलं, नाही. आणि खरंच नाही. भांडण नाही, काही नाही. तो म्हणाला, मग तू इथे काय करून राहिला आहेस? मी म्हटलं, गाडी पास झाली की निघतो. म्हणाला, हे तू मला मार्चपासून सांगून राहिला आहेस. मी म्हटलं, याचा अर्थ माझ्या बोलण्यात सातत्य आहे.

मग मोदक खाल्ले. फ्रोझन, पण उकडीचे.

६ सप्टेंबर, शनिवार, अनंत चतुर्दशी
विसर्जन. टेप खरंच कायमस्वरूपी निघाली. हेअर ड्रायर पाऊण तास लावला. हेअर ड्रायर नीलांबरीचा, ती इथे ठेवून गेलीय. त्याअर्थी ती परत येण्याची शक्यता तिने पूर्ण सोडलेली नसावी. की तिकडे नवा घेतला? विचारलं नाही.

मूर्ती निघाली. खाली चेसिस नंबर, सतरा अक्षरं, स्वच्छ. बादलीत विसर्जन केलं. पुढच्या वर्षी लवकर या असं म्हटलं, मग लक्षात आलं की पुढच्या वर्षी मी इथे नसेन. पत्ता बदलेल, एवढं मनातल्या मनात सांगून ठेवलं.

८ सप्टेंबर, सोमवार
मूर्ती विरघळत नाही. दुकानाच्या वेबसाइटवर पाहिलं: रेझिन. बादलीत बसून आहे, प्रसन्न.

९ सप्टेंबर, मंगळवार, दुपारी ४:३०
पुन्हा नाही.

नंबर दिसला, स्कॅन झाला, ब्रेक, दिवे, हॉर्न, सगळं पास. मग गिल्सनने कॉम्प्युटर जोडला आणि मान हलवली. मी विचारलं, काय दोष आहे? म्हणाला, दोष नाही. मग पास कर. पास पण नाही करता येत. बॅटरी बदलली की गाडीचा कॉम्प्युटर सगळं विसरतो. मग गाडी रस्त्यावर चालली की तो एकेक भाग तपासत जातो आणि स्वतःच ठरवतो, ठीक की नाही. तुझी चाललीच नाही, त्यामुळे त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवला. प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द: नॉट रेडी. नॉट रेडी. नॉट रेडी.

मी विचारलं, हे मी हाताने कुठे भरू शकतो का? गिल्सन म्हणाला, माय फ्रेंड. बस, एवढंच. मग एक कागद लिहून दिला की दुरुस्ती आणि टेस्टसाठी ही गाडी रस्त्यावर आहे. म्हणाला, पोलिसांनी विचारलं तर दाखव. दहा दिवस चालव. थोडं शहरात, थोडं हायवेवर.

१३ सप्टेंबर, शनिवार
रोज चालवतोय. पहिल्या दिवशी कॉलनीत चौदा फेऱ्या. शेजारच्या बाईंनी पाचव्या फेरीनंतर हात करणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी श्रूजबरी. किराणा. कोथिंबीर घेतली. कोथिंबिरीचं करायचं काय ते ठरलेलं नव्हतं, पण दुकानात गेलो होतो.

१४ सप्टेंबर, रविवार
सकाळी साडेसातला बेल वाजली. त्र्यंबककाका. काठी आणि डोक्यावर टोपी. म्हणाले, गाडी चालवतोयस असं ऐकलं. ब्रेड आणायचाय. मी म्हटलं, काका, गुडघे? म्हणाले, गुडघ्यांचं मी बघतो, तू गिअरचं बघ.

त्यांना आत बसवायला सहा मिनिटं लागली. छत उघडलं. सेन्सरचा दिवा लागला. वूस्टरपर्यंत काका एका हाताने टोपी धरून बसले होते. ब्रेड घेतला, दोन. परत येताना म्हणाले, तिसऱ्यातून चौथ्यात टाकताना थांबू नकोस असा, आवाज ऐकून टाक. एक्केचाळीसाव्या मिनिटाला ते रडत आहेत असं वाटलं. वारा होता, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही.

उतरताना म्हणाले, नीलांबरीला म्हणावं, गाडी चांगली आहे. मी म्हटलं, सांगतो. म्हणाले, सांगतो नाही रे. जाऊन सांग.

२० सप्टेंबर, शनिवार, सकाळी १०:२५
पास.

सगळ्या ओळींपुढे रेडी. गिल्सनने R खरवडून काढला, नवं स्टिकर लावलं. ९ आकडा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत. माझा हात हातात घेऊन बराच वेळ हलवत राहिला. म्हणाला, आता कुठे जाणार? मी म्हटलं, सिॲटल. त्याला तो जोक वाटला. मोठ्याने हसला.

स्टिकरचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला.

२० सप्टेंबर, संध्याकाळी ७:१५
फोन केला. केयाने उचलला. नीलांबरी दुकानात गेली होती. केयाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, येय. मग म्हणाली, बट बाबा, इथे इन्स्पेक्शन नसतंच. लाइक, ॲट ऑल. आईने तुला मार्चमध्ये सांगितलं होतं. आय वॉज इन द कार. यू वेअर ऑन स्पीकर.

मी म्हटलं, पाहतो.

पाहिलं. २२ मार्चची नोंद. तिने सांगितलेलं आहे. मी ते लिहिलेलं आहे. माझंच अक्षर, स्वच्छ, खाडाखोड नाही.

केया अजून फोनवर होती. विचारलं, सो, कधी येतोयस? आता कारण काय द्यायचं ते पाहायला मी सवयीने वहीचं पुढचं पान उलटलं. कोरं होतं. म्हटलं, लवकर. म्हणाली, ओके. इट्स फाइन, असं या वेळी म्हणाली नाही.

आज स्वतःला काही विचारलं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार, सकाळी ११:५०
सकाळी आठला निघालो. बॅग भरली होती. रात्रीच भरली, ठरवून नव्हे, बसल्याबसल्या. शेजारच्या सीटवर काकांची फाइल ठेवली, बारावा कागद लावून. फाइलला वजन नाही, सेन्सरचा दिवा लागला नाही. कप्प्यात केयाची यादी. मूर्ती बादलीतून काढून पुसून घेतली आणि बॅगेत मोज्यांच्या मध्ये ठेवली.

आय-नाइन्टी वेस्ट. छत उघडं. चौथ्यात टाकताना थांबलो नाही, आवाज ऐकून टाकला. गाडी उत्तम चालते. इतकी उत्तम, की कुठे काही खटखट होतेय का म्हणून मी रेडिओ बंद करून ऐकत होतो. काहीच नव्हतं.

पुढच्या एक्झिटला, मिलबरीला, उतरलो. टेम्परेचरचा काटा नीट पाहायचा होता. चालत्या गाडीत पाहणं सुरक्षित नाही. एका पार्किंग लॉटमध्ये उभं राहून पाहिला. काटा बरोबर मध्ये होता. वीस मिनिटं पाहिला. हलला नाही.

परत आलो. जाऊन-येऊन सत्तावीस मैल. गाडी आत घेतली, कव्हर घातलं. फोनमध्ये रिमाइंडर लावला: इन्स्पेक्शन, सप्टेंबर २०२६.

नीलांबरीचा मेसेज आला होता: निघालास?

‘हो’ लिहिलं. मग विचार केला, हे खरं आहे का. निघालो होतो, एवढं खरं. पण तिला तसं विचारायचं नसणार. खोडलं. मला खोटं लिहिता येत नाही. ‘गाडी छान चालते’ असं लिहिलं आणि पाठवलं. ते खरं आहे.